माणसं कमी झाली, खाटा तेवढ्याच: वॉर्ड सांभाळायचा कसा

आमच्या वॉर्डात ३२ खाटा. रात्री चार सिस्टर असायच्या, दोन मावशी आणि एक मामा (वॉर्डबॉय). मग 'तात्पुरत्या' आदेशानं चारच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. दोन वॉर्डांत मिळून एक मावशी. रात्रीचा फार्मासिस्ट गेला, रात्रीची लॅब उचलून लांबच्या मोठ्या लॅबमध्ये नेली, रात्रीचं ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद. प्रत्येक आदेशाच्या शेवटी एक ओळ असायची: 'रुग्णसेवेवर परिणाम होणार नाही याची दक्षता घ्यावी.' दक्षता घ्यायची कोणी आणि कशी, ते कुठेच नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. सव्वीस वर्षं वॉर्डात गेली, त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. मोठ्या धोरणाचं मला विचारू नका, मी खाटेजवळचं सांगेन.

सगळ्यात आधी एक कबूल करून टाका. चौघींचं काम दोघी करू शकत नाहीत. कितीही धावलात तरी काहीतरी गळणार. काय गळू द्यायचं ते तुम्ही दिवसाउजेडी बसून ठरवलं नाहीत, तर पहाटे तीन वाजता तुमचा थकवा ठरवतो, आणि थकलेला माणूस जे गप्प असतं ते आधी सोडतो. सलाईन संपलं की नातेवाईक हाक मारतात. श्वास मोजला नाही म्हणून कोणी हाक मारत नाही.

गेलेल्या माणसाचं न दिसणारं काम

पद रद्द झालं की त्या पदाचं कागदावरचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. जे कागदावर कधी नव्हतंच ते कुणाकडेच जात नाही, आणि घात तिथे होतो.

आमच्या लॅबमधला रात्रीचा टेक्निशियन कुणाच्या रक्तातलं पोटॅशियम जास्त आलं (ते फार वाढलं की हृदय बिघडतं) की हातातलं काम टाकून फोन करायचा. "सिस्टर, चौदा नंबरचं पोटॅशियम सहा पॉइंट आठ येतंय, सॅम्पल परत लावतोय, पण डॉक्टरांना सांगून ठेवा." असा फोन करणं त्याच्या कामाच्या यादीत कुठेही नव्हतं. नवीन लॅबचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर येतो, तोही लाल अक्षरांत. पण रात्री कॉम्प्युटरसमोर बसलंय कोण? तिसऱ्याच आठवड्यात ६.९ चा रिपोर्ट रात्री १२:४० ला आला आणि सकाळी सहाला माझ्या सिस्टरनं पाहिला. तोवर ईसीजी बदलला होता. रुग्ण वाचला, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक कागद आहे, त्याला आम्ही गळतीचा कागद म्हणतो. कुणाची बदली किंवा कपात होणार असं कळलं की त्या माणसाला जाण्याआधी अर्धा तास शेजारी बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: ड्यूटी लिस्टमधलं सोडून तुम्ही दिवसभर काय काय करता? मामांना विचारलं तर आधी म्हणाले, "काय नाय सिस्टर, पडेल ते." मग हळूहळू निघायला लागलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी त्यांच्या खिशात असते. रात्री दोन वेळा काटा तेच बघतात. तीन नंबर ट्रॉलीचा ब्रेक लागत नाही, म्हणून जड रुग्ण ते तिच्यावर घेत नाहीत. रात्री भ्रमात उठून चालायला लागणारे आजोबा असले की त्यांच्या खाटेजवळ स्टूल टाकून बसतात. ब्लड आणायला गेले की पिशवीवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव खिडकीतच ताडून बघतात. एवढं सगळं 'काय नाय' मध्ये.

यातल्या प्रत्येक कामाची एक ओळ करा. ओळीपुढे नाव आणि वेळ. 'स्टाफ' असं लिहू नका. मॉर्निंगची कोण, नाईटची कोण, किती वाजता, ते लिहा. ज्या ओळीपुढे नाव बसत नाही ती लाल पेनानं. कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्याकडे लॅबच्या ओळीपुढे आता लिहिलंय: रात्री ११, १ आणि ४ ला नाईटच्या सीनियरनं कॉम्प्युटर उघडायचा. लॅबलाही लेखी कळवून फोनची पद्धत परत सुरू करून घ्या. आम्हाला त्यासाठी तीन पत्रं लागली.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलात २००६-०७ मध्ये १ कोटी पौंड वाचवायचे म्हणून दीडशेच्या वर पदं कमी केली. पुढे चौकशी झाली तेव्हा कळलं, की अपघात विभागात आलेल्या रुग्णाला किती तातडी आहे हे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या रिसेप्शनिस्ट बघत होत्या. हृदयाचे मॉनिटर बंद करून ठेवले होते, कारण ते वापरायला सिस्टरना कोणी शिकवलं नव्हतं. चौकशीचे प्रमुख रॉबर्ट फ्रान्सिस यांचा शेवटचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी आहेत. रिसेप्शनिस्टला कोणी बोलावून 'रुग्णांची तातडी तू ठरव' असं सांगितलं नसणार. जागा रिकामी पडली, की जवळ उभं असेल त्याच्याकडे काम आपोआप सरकतं.

श्वास मोजा, अख्खा मिनिट

बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा.

माणसं कमी असलेल्या वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) काढा आणि श्वासाचा रकाना बघा. १८, १८, २०, १८, १८, २०. सगळ्या खाटांना, सगळ्या वेळांना. तो आकडा कोणीही मोजलेला नसतो. बीपी मशीन देतं, नाडी आणि ऑक्सिजन बोटावरचं यंत्र देतं, श्वास मात्र मिनिटभर उभं राहून स्वतः बघावा लागतो. म्हणून पहिला बळी त्याचा. आणि रुग्ण बिघडू लागला की बहुतेक वेळा पहिल्यांदा बदलतो तोही श्वासच.

दोन सिस्टरवर आलो त्यानंतरची एक रात्र. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, बाई पन्नाशीच्या. चार्टवर श्वास १८, ताप नाही, बीपी १०८, 'रुग्ण स्थिर'. मी सहज पायथ्याशी थांबले, कारण त्या उशीला टेकून नीट बसल्या होत्या आणि त्यांचं वाक्य मधेच तुटत होतं. "बरं वाटतंय... सिस्टर... जरा दम..." पांघरुणाच्या घडीवर नजर ठेवून मोजलं. मिनिटाला २८. ऑक्सिजन ९३, नाडी ११२.

आता हे आकडे एका ओळीत मांडा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप अशा सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बाईंचा श्वास २५ च्या वर, म्हणून ३. ऑक्सिजन ९३, म्हणून २. नाडी १११ च्या पुढे, म्हणून २. बीपी १०१ ते ११० मध्ये, म्हणून १. शुद्ध आणि ताप शून्य, ऑक्सिजन लावलेला नाही, तोही शून्य. बेरीज ८. या पद्धतीत ५ झाले की डॉक्टरांनी तातडीनं बघायचं, ७ झाले की सगळं सोडून यायचं, आणि एकाच गोष्टीत ३ मिळाले तरी डॉक्टरांना कळवायचं. चार्टवरचा १८ खरा धरला असता तर बेरीज ५ आली असती, पण मुळात बेरीजच कोणी केली नव्हती. आतला टाका सुटला होता. ओटी बंद, म्हणून पहाटे चारला दुसरीकडे हलवलं. एकोणीस दिवसांनी त्या चालत घरी गेल्या.

त्या रात्री १८ लिहिणाऱ्या मुलीला मी ओरडले नाही. सोळा रुग्ण, एकटी, त्यात दोन नव्या ॲडमिशन. पण दुसऱ्या दिवसापासून नियम केला. मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. रिकाम्या रकान्यावर मी कधीच बोलणार नाही; खोट्या १८ वर बोलेन. रिकामा रकाना पुढच्या माणसाला सांगतो की बघ, इथे राहिलंय. खोटा १८ त्याला झोपवतो.

आणि सगळ्यांना सारखं मोजू नका. बत्तीस जणांना दर चार तासांनी अर्धवट बघण्यापेक्षा गुणांप्रमाणे वाटणी करा. गुण शून्य आणि डिस्चार्जच्या वाटेवर असतील त्यांना बारा तासांनी चालतं, १ ते ४ असतील त्यांना चार-सहा तासांनी, ५-६ असतील किंवा एकाच गोष्टीत ३ असतील त्यांना तासाला, आणि ७ पासून पुढे सतत लक्ष. हे मूळ पद्धतीतच आहे, मी घरून आणलेलं नाही. त्यानं दोघींचे हात जिथे लागायला हवेत तिथे लागतात.

काय सोडायचं

सोडायची यादी इन्चार्जनं करायची आणि खाली स्वतःची सही करायची. ज्युनियर मुलींवर ते ढकलू नका. आमच्याकडे काय गेलं? तीन रजिस्टरं, ज्यांत एकच माहिती तीनदा लिहिली जायची. राउंडच्या आधी चादरीचे कोपरे एका रेषेत आणणं. पहाटे पाचला सगळ्यांना उठवून स्पंज (अंग पुसणं). जे घामेजलेले किंवा ओले आहेत ते सोडून बाकीच्यांना सकाळच्या ड्यूटीत. साहेबांना चादरींचं वाईट वाटलं. वाटू दे.

एक गोष्ट मात्र अशी आहे की ती सोडली तर काम कमी होतं आणि रुग्णही जास्त सुरक्षित होतो. नळ्या. राउंडला प्रत्येक खाटेपाशी डॉक्टरांना विचारा: हा कॅथेटर आज कशासाठी आहे? ही शिरेतली सुई कशासाठी? 'असू दे' हे उत्तर धरायचं नाही. लघवीचा कॅथेटर जितके दिवस राहतो तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो, आणि पिशवी रिकामी करणं, नोंद करणं, सफाई हे सगळं तुमच्याच अंगावर. गळ्याच्या मोठ्या शिरेतल्या नळ्यांचं तर जगजाहीर उदाहरण आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभराच्या वर आयसीयूंत पाच साध्या गोष्टी लावून धरल्या: हात धुणं, नळी घालताना रुग्ण पूर्ण झाकणं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपलेली नळी काढून टाकणं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दीड वर्षात रक्तातला संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. नवं यंत्र एकही नव्हतं.

हातांचं थोडक्यात. बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल तर दोघींच्या वॉर्डात कोणी तिथवर चालत जाणार नाही, उपदेश कितीही करा. हॅण्डरबची बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याला अडकवा. जुलाब असलेल्यांसाठी मात्र साबण आणि पाणीच.

औषधं: चारच कुलपं, पण पक्की

सगळ्या औषधांना दुसऱ्या सिस्टरची तपासणी लावायचा नियम दोन माणसांत टिकत नाही. लावलात तर तो खोट्या सह्यांचा नियम होतो. चार औषधांना लावा आणि त्यात हयगय नको: इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), मॉर्फिनच्या जातीची सगळी, आणि शिरेतलं पोटॅशियम. दुसरीनं आपला हिशेब स्वतः करायचा. "हे आठ युनिट आहे ना गं?" असं विचारून मान डोलावून घेतली तर तपासणी झाली असं समजू नका. दुसरी सिस्टर खरंच मिळत नसेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. चार औषधांसाठी ते येतात.

पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ न केलेल्या अँप्युल (छोट्या कुप्या) वॉर्डाच्या कपाटातून काढून टाका. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारख्या दिसतात, आणि पातळ न करता शिरेत भरकन गेलं तर हृदय थांबतं. रात्रीचा फार्मासिस्ट होता तेव्हा मागितल्यावर तो एक-एक द्यायचा आणि देताना 'कशात घालणार?' विचारायचा. तो गेला तेव्हा कुणीतरी सोयीसाठी अख्खं खोकं वॉर्डात आणून ठेवलं होतं. ही सोय नको. आधीच पातळ करून आलेल्या बाटल्या मागवा. मिळत नसतील तर अँप्युल आयसीयूच्या कुलपात.

इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये 'युनिट' अख्खं लिहून घ्या. इंग्रजी यू नुसता लिहिला की शून्य वाटतो, १० चे १०० होतात. ४० च्या आणि १०० च्या ताकदीच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये नकोत. ४० ची खूण असलेल्या सिरिंजमध्ये १०० ची बाटली भरली तर अडीच पट डोस जातो.

आणि कपात दुसऱ्याच खात्यात झाली म्हणून निश्चिंत राहू नका. आमच्या किचनमधली संध्याकाळची दोन माणसं कमी झाली. जेवणाची गाडी सातऐवजी सव्वाआठला यायला लागली. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही इन्सुलिन जुन्या वेळेला, पावणेसातलाच देत राहिलो. आठ वाजता अकरा नंबरचे काका घामानं भिजलेले, मावशीला भलत्याच नावानं हाक मारतायत. साखर ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच मिनिटांत विचारतात, "काय झालं, सगळे असे का उभे?" आता नियम असा, की जेवणाचं ताट डोळ्यांना दिसलं की सुई. किचन, धोबीखातं, लिफ्ट, सफाई, कुठेही माणूस कमी झाला की स्वतःला विचारा, माझ्या रुग्णाचं कुठलं वेळापत्रक त्याच्या वेळेवर टांगलेलं आहे?

सलग दुसरी ड्यूटी करणाऱ्या सिस्टरच्या हातात औषधांची ट्रॉली देऊ नका. तिला ड्रेसिंग द्या, ॲडमिशनचे कागद द्या.

खाटा, पडणं, पाठ

खाटांच्या नंबरांना चिकटून राहू नका. ज्यांचे गुण जास्त, जे भ्रमात आहेत, ज्यांना हाक मारता येत नाही, त्यांना सिस्टरच्या टेबलासमोर आणा. टेबल हलत नसेल तर रात्रीपुरतं एक छोटं टेबल वॉर्डाच्या मध्यावर न्या. केसपेपर तिथे बसून लिहिले की नजर आपोआप पडते.

माझ्या पाहण्यात रात्री रुग्ण पडतात ते बहुतेक संडासाच्या वाटेवर. बेल वाजवली, कोणी आलं नाही, मग माणूस स्वतः उठतो. म्हणून बेलच्या आधी जा. रात्री दहाला, एकला आणि पाचला मावशीनं ठरलेल्या आठ-दहा जणांना स्वतःहून विचारायचं, "जाऊन यायचं का?" लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी सहाला लिहिलेली दिसली तर डॉक्टरांकडून ती सकाळची किंवा दुपारची करून घ्या. एका पेनाच्या फटकाऱ्यात रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात.

पाठीच्या जखमांसाठी दर दोन तासांनी कूस बदला असं पुस्तकात आहे आणि दोघींत ते सगळ्यांना जमत नाही. ज्यांना स्वतःला वळता येत नाही त्यांची नावं वेगळी काढा. सहसा सहा-सात निघतात, तेवढे जमतात. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग बोटानं दाबा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिला तर जखम सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा घट्ट लागतंय का ते बघा. टाचा उशीवर टेकवायच्या नाहीत. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी.

ऑक्सिजनचा काटा ड्यूटी घेताना स्वतः वाचा आणि तासांत मोजा. दहा लिटर आकारमानाच्या सिलिंडरवर १०० बार दिसत असेल तर आत साधारण १,००० लिटर. मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. रात्री अकराला 'आहे की अर्धा' म्हणून झोपलेला सिलिंडर सव्वादोनला संपतो, आणि स्टोअर उघडायला माणूस नसतो.

फोन आणि हॅण्डओव्हर

"सर, जरा येऊन बघता का, पेशंट बरा वाटत नाही" या वाक्यावर तीन वॉर्ड सांभाळणारा रेसिडेंट डॉक्टर येत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही हातातलं काम आधी संपवलं असतं. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून दवाखान्यांत आलेली एक बोलण्याची रीत आहे: आत्ता काय होतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवं. मराठीत असं:

"सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सात नंबरच्या बाईंचा श्वास २८, ऑक्सिजन ९३, न्यूज ८. परवा पोटाचं ऑपरेशन झालंय. मला वाटतं आत काहीतरी लीक आहे. तुम्ही पंधरा मिनिटांत यायला हवं. तोवर ऑक्सिजन लावते, शिरेत सुई घालून ठेवते, ब्लड काढते. चालेल?"

शेवटच्या 'चालेल' ला उत्तर घ्याच. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर पुढचा फोन कुणाला, त्यानंतर कुणाला, हे नंबर भिंतीवर हवेत, आणि खाली वरिष्ठांची सही की 'या क्रमानं फोन केल्यास कुणी रागावणार नाही'. ही ओळ मी मुद्दाम लिहून घेतली. नवीन मुलगी रात्री तीनला मोठ्या सरांना फोन करायला घाबरते, त्या सहीनं तिला थोडा आधार मिळतो.

हॅण्डओव्हर (ड्यूटी बदलताना रुग्ण पुढच्या सिस्टरकडे सोपवणं) खाटेजवळ, नंबरांच्या क्रमानं नको. सगळ्यात वाईट रुग्णापासून सुरू करा, कारण शेवटी सगळे घाईत असतात. घेणाऱ्या सिस्टरनं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. आणि देणारीनं न विचारता सांगायचं की माझ्याकडून काय राहिलंय. 'नऊ नंबरचं ड्रेसिंग राहिलंय' हे निःसंकोच म्हणता यावं असं वातावरण ठेवणं हे इन्चार्जचं काम.

नातेवाईक

माणसं कमी पडली की पहिला मोह नातेवाईकांना कामाला लावायचा. भरवणं, पाणी देणं, हात धरून चालवणं, कूस बदलताना मदत, हे ते आनंदानं करतात. सलाईनचा वेग, ऑक्सिजनची कळ, नाकातल्या नळीतून भरवणं आणि सक्शन (नळीनं कफ ओढून काढणं) या गोष्टींना त्यांनी हात लावायचा नाही, आपण लावू द्यायचा नाही. एका मुलानं वडिलांचं सलाईन 'लवकर संपावं' म्हणून सोडलं होतं आणि फुफ्फुसात पाणी झालं. त्याचा दोष नव्हता. आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्याउलट त्यांचे डोळे वापरा. आईला ओळखणारी मुलगी "आई आज वेगळीच वागतेय" म्हणाली तर गुण शून्य असले तरी जाऊन बघा. आम्ही प्रत्येकाला भरती करतानाच सांगतो: श्वास जोरात वाटला, बोलणं बदललं, लघवी सहा तास झाली नाही, तर टेबलापाशी या, सिस्टर चिडली तरी या. आणि तुम्ही स्वतः नातेवाईक म्हणून हे वाचत असाल तर औषधांची यादी, ॲलर्जी आणि आधीची ऑपरेशनं एका कागदावर लिहून उशाशी ठेवा. गोळी द्यायला आलेल्या सिस्टरनं "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर 'हो' म्हणण्याऐवजी पूर्ण नाव सांगा. अर्धवट झोपेत माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो.

वर काय कळवायचं

तक्रार नको, आकडे द्या. रोज रात्री एक ओळ: रुग्ण किती, सिस्टर किती, न्यूज ५ च्या वर किती, काय राहिलं. 'स्टाफ अपुरा आहे' अशी पत्रं फायलीत पडतात. '१४ पैकी ९ रात्री एका सिस्टरमागे १६ रुग्ण. सहा डोस एक तासापेक्षा उशिरा. दोन रुग्ण पडले' याला उत्तर द्यावं लागतं. सोबत नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा अभ्यास जोडा. २००२ साली छापून आलेल्या या अभ्यासात त्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ हॉस्पिटलांतले ऑपरेशनचे रुग्ण तपासले. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत तसाच आकडा आला. कॅलिफोर्नियानं तर नर्समागे जास्तीत जास्त किती रुग्ण हे कायद्यानंच बांधून टाकलंय, कायदा १९९९ चा, अंमल २००४ पासून.

मागणी नेमकी ठेवा. माणसं देता येत नसतील तर खाटा बंद करा. आम्ही ३२ च्या २४ मागितल्या, २८ मिळाल्या. चार रिकाम्या खाटांच्या गाद्या उचलून स्टोअरमध्ये टाका, नाहीतर रविवारी रात्री त्यावर रुग्ण येतो. ओटी रात्री बंद असेल तर संध्याकाळी सहाला बसून ठरवा की आज रात्री कोण बिघडू शकतो आणि त्याला उजेडातच हलवायचं का. मोठी ऑपरेशनं शुक्रवारी ठेवू नका हे सर्जनना पटवायला मला चार महिने लागले.

आज सकाळी गळतीच्या कागदावर एकविसावी ओळ आली. धोबीखातं आता आठवड्यातून तीनच दिवस. म्हणजे बुधवारी रात्री कोरड्या चादरी संपणार, आणि त्या सहा-सात जणांच्या पाठी ओल्यावर राहणार. ओळीपुढे अजून कुणाचं नाव नाही, म्हणून ती लाल आहे. दुपारी स्टोअरच्या बाबूंकडे जातेय, चाळीस चादरी वॉर्डात वेगळ्या ठेवायला मागणार आहे.